पावसाळा आला की गाडीत कुबट वास: आधी पाणी शोधा, शाम्पू नंतर

मिरगाचा पाऊस रात्रभर पडलेला असतो. सकाळी गाडीचं दार उघडलं की आतून ओल्या गोणपाटाचा वास येतो, काचा आतल्या बाजूनं धुरकटलेल्या असतात, आणि आई मागं बसता बसता विचारते, "अरे, काय कुजलंय काय रे गाडीत?" आमच्याकडं हे सलग तीन पावसाळे चाललं. दिवाळीपर्यंत वास आपोआप जायचा, आम्ही विसरून जायचो, आणि पुढच्या मिरगाला तो पुन्हा हजर.

पहिल्या वर्षी मी डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या वासाची बाटली ठेवली. त्यामुळं कुबट वास गेला नाही, त्यात मोगरा मिसळला एवढंच. दुसऱ्या वर्षी सर्व्हिस सेंटरमध्ये 'एसीची सफाई' म्हणून बाराशे रुपये मोजले. त्यांनी जाळीतून कसला तरी फवारा मारला, आठ दिवस गाडीत लिंबू दरवळलं, नवव्या दिवशी गोणपाट परत. तिसऱ्या वर्षी वॉशिंग सेंटरला नेऊन सीट-कार्पेट सगळं शाम्पूनं धुऊन घेतलं. गाडी अशी चकचकीत झाली की शेजाऱ्यांनी विचारलं, नवी घेतली का? चार दिवसांत वास दुप्पट!

तिन्ही वेळा मी वासाच्या मागं लागलो होतो. पाणी कुठून येतंय हा प्रश्न मला पडलाच नव्हता. बुरशीला ओल लागते, आणि ओला कपडा किंवा फोम २४ ते ४८ तासांत वाळला नाही तर ती धरायला लागते. कोल्हापुरात जुलैमध्ये २४ तासांत दोरीवरचा रुमाल वाळत नाही, गाडीच्या कार्पेटखालचा फोम कुठून वाळणार? त्यात शाम्पूवाल्यानं आणखी बादलीभर पाणी पाजलं होतं.

म्हणून ज्यांच्या गाडीत हा वास दरवर्षी परततो त्यांनी शाम्पू, व्हिनेगर, सोडा सध्या बाजूला ठेवा. त्याची पाळी शेवटी येते.

वास नेमका कधी येतो?

दोन दिवस फक्त लक्ष द्या. एसी चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं वास येतो आणि मग कमी होतो, एरवी गाडी बरी असते, असं असेल तर दोष बहुतेक एसीच्या कूलिंग कॉइलवर किंवा केबिन फिल्टरमध्ये आहे. कॉइल गार असते, हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते, गाडी बंद केली की ते ओलं तसंच अंधारात राहतं. याचा इलाज स्वस्त आहे. घर पाच मिनिटांवर आलं की एसीचं बटण बंद करा, पंखा मात्र जोरात चालू ठेवा आणि हवा बाहेरची घ्या. कॉइल बऱ्यापैकी सुकते. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागं असतो. वर्षातून एकदा किंवा १०-१५ हजार किलोमीटरला बदलायचा, आणि घालताना त्याच्यावरचा बाण बघायचा, हवा त्या दिशेनं जाते. मी तो पावसाळा संपल्यावर बदलतो, कारण चार महिने ओल त्यानंच खाल्लेली असते. काही जुन्या आणि छोट्या गाड्यांत फिल्टर नसतोच. तिथं सापडला नाही म्हणून डॅशबोर्ड उचकटत बसू नका.

एसी बंद असतानाही वास येतो, सकाळी काचा आतून ओलसर असतात, दार उघडल्या उघडल्या भपकारा येतो, तर मात्र गाडीत कुठं तरी पाणी साठलेलं आहे. पुढचं सगळं त्यासाठी.

ऊन तापलं की आंबूस वास येतो आणि पावसाशी त्याचा संबंध दिसत नाही, तर ते दूध. कोल्हापुरात दुधाची किटली गाडीतून नेण्याचा प्रसंग कधी ना कधी येतोच. रविवारी मटणाबरोबर आलेल्या पांढऱ्या रश्श्याची पिशवी डिकीत फुटली तरी हीच गत. सांडलेलं दूध गरम पाण्यानं पुसू नका, त्यातलं प्रथिन घट्ट बसतं. गार पाण्यानं टिपून घ्या आणि एन्झाइमचं क्लीनर वापरा. तो विषय इथंच सोडतो.

मॅट उचला, आणि मॅटखालचंही उचला

वरून हात फिरवून "कोरडं आहे" म्हणू नका, मी तीन वर्षं तेच म्हणत होतो. कार्पेटच्या खाली फोमचा जाड थर असतो आणि तो स्पंजासारखं पाणी धरतो. वरचं कापड दिवसभरात वाळतं, खालचा फोम महिनाभर ओला राहतो. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी बहुतेक गाड्यांत नुसत्या क्लिपांवर बसलेली असते, ती हातानं वर ओढली की निघते. मग कार्पेटची कड उचलून आत बोटं घाला. बोटं जात नसतील तर वर्तमानपत्राची घडी सरकवून वर दहा मिनिटं पाय ठेवा. कागद ओला निघाला तर चोर सापडला.

चारही पायांच्या जागा आणि डिकीतल्या स्टेपनीचा खड्डा, अशा पाच ठिकाणी हे करा. कुठली जागा सगळ्यात ओली, त्यावर पुढचा शोध ठरतो.

इथं त्या सेव्हन-डी मॅटबद्दल माझं मत सांगूनच टाकतो. कंपनीच्या कार्पेटवर कडेपासून कडेपर्यंत बसवलेलं ते रेग्झिनचं आवरण दिसायला झकास दिसतं आणि वरचा चिखल पुसायला सोपं जातं. पण खाली ओल गेली तर वाफ बाहेर पडायला वाट नाही आणि तुम्हाला कळायला मार्ग नाही. ज्या गाडीत पाणी येतं त्या गाडीत पावसाळ्याचे चार महिने साध्या रबरी मॅट बऱ्या. रोज काढून झटकता तरी येतात.

डावीकडची पुढची जागा ओली

बहुतेक तक्रारी इथंच येतात. आपल्याकडं बहुतेक गाड्यांची कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली मध्ये-डावीकडं असते. तिच्यावर जमलेलं पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली टपकतं. नळी धुळीनं, चिखलानं किंवा कुठल्या किड्यानं बुजवली की तेच पाणी शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी उतरतं.

तपासणं सोपं आहे. कोरड्या जागी गाडी उभी करून एसी १५ मिनिटं चालू ठेवा आणि खाली वाकून बघा. दमट दिवसात चांगलं थारोळं साचायला हवं. टपकत नसेल तर नळी तुंबलेली. खालच्या तोंडातून मऊ प्लास्टिकची दोरी हळूच फिरवा किंवा हलकी हवा मारा. तार किंवा सायकलची स्पोक घालायची नाही, आत कॉइल आहे आणि तिला भोक पडलं तर बाराशे रुपयांत भागत नाही. नळीचं तोंड हाताला लागत नसेल तर हे गॅरेजमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

ओल चिकट लागत असेल, गोडसर वास असेल, पाण्याला हिरवा-लाल रंग असेल आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट थर येत असेल, तर ते पावसाचं पाणी नव्हे, कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव आहे. हीटरची कॉइल गळते आहे. गाडी मेकॅनिककडं न्या आणि तोपर्यंत इंजिनाच्या तापमानाकडं लक्ष ठेवा.

आता आमची गंमत. डावी पुढची जागा ओली म्हटल्यावर मीही एसीची नळी धरून बसलो. उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी एसी लावला, खाली वाकले आणि म्हणाले, "दादा, खालनं तर झकास टपकतंय की. ड्रेन बरा हाय तुमचा." मग त्यांनी कार्पेटची कड वर ओढली आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. करडा फोम गुलाबी झालेला होता.

मिस्त्री माझ्याकडं बघून हसले. "जोतिबाला गेल्तासा व्हय?"

गेलो होतो. चैत्र यात्रेला दरवर्षी जातो. सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'चा गजर होतो आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण अशी होते की वाडी रत्नागिरीचा सगळा डोंगर गुलाबी होतो. डोंगरावर उभी केलेली गाडीही गुलाबी होते. घरी आल्यावर मी तिला बाहेरून आंघोळ घालत होतो. पण पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जी काळी प्लास्टिकची जाळी असते, तिच्या आत काय पडलंय ते कधीच बघितलं नव्हतं.

त्या जाळीखाली एक पन्हळ असते. काचेवरून ओघळणारं सगळं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागं खाली जातं. गाडीच्या आत जाणारी हवाही त्याच पन्हळीतून घेतली जाते, आणि ते हवेचं तोंड आपल्याकडं सहसा डाव्या बाजूला असतं. पन्हळ तुंबली की पाणी त्या तोंडाच्या काठापर्यंत चढतं आणि पंख्यातून, फिल्टरमधून थेट शेजारच्या सीटच्या पायाशी येतं. मिस्त्रींनी ग्लोव्हबॉक्स उतरवून फिल्टर काढला तर तोही गुलाबी. एसीच्या नळीतलं पाणी स्वच्छ असतं, त्यात गुलाल येणार कुठून? पाणी बाहेरून येत होतं आणि कुठल्या वाटेनं येत होतं ते देवानं रंगवून दाखवलं होतं.

जाळी काढल्यावर आत काय निघालं ते सांगतो: आमच्या दारातल्या गुलमोहराची बारीक पानं, त्यांचा शेणासारखा झालेला लगदा, आणि त्या लगद्यात रुतलेले खोबऱ्याचे तुकडे. डावीकडचं भोक एका तुकड्यानं बूच लावल्यासारखं बंद झालं होतं.

झाडाखाली गाडी लावणाऱ्या कुणाच्याही गाडीत हे होऊ शकतं, त्याला जोतिबालाच जायला हवं असं नाही. बॉनेट उघडा, जाळीच्या दोन्ही टोकांना हात घालून पानं काढा. मग तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि चाकामागून ते लगेच खाली पडतंय का बघा. ओतलेलं पाणी रेंगाळलं तर भोक तुंबलंय. काही गाड्यांत तिथं रबराची चोच असते, ती दाबून मोकळी करावी लागते. मेहनत १० मिनिटांची, खर्च शून्य. वळवाचा पहिला पाऊस पडायच्या आत हे एकदा करून टाका.

मागची जागा, दारं, डिकी, सनरूफ

मागच्या पायाशी ओल असेल तर आधी दाराकडं बघा. काचेच्या कडेच्या रबरातून थोडं पाणी दाराच्या पोटात जाणं हे मुळातच धरून चाललेलं असतं. ते दाराच्या तळच्या भोकांतून बाहेर पडावं अशी सोय असते. गगनबावडा, पन्हाळा, आंबा घाट असं पावसात फिरून आलं की तांबडी माती त्या भोकांत बसते. दाराच्या काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी सोडा, खालच्या कडेनं टपकायला हवं. नाही टपकलं तर दातकोरणीनं भोकं मोकळी करा. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळण्याचा आवाज येत असेल तर तपासायचीही गरज नाही.

दाराच्या आतल्या पॅनेलमागं प्लास्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा पॉवर विंडो दुरुस्त करताना तो फाडून तसाच सोडलेला असतो, अगदी नेहमीची गोष्ट. तुमच्या गाडीत ओल नेमकी स्पीकर बसवल्यानंतर सुरू झाली का, एवढं आठवा. तसं असेल तर पॅनेल उघडून कागद नीट चिकटवून घ्या.

डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर मागच्या दिव्यांची गॅस्केट आणि डिकीच्या दाराचं रबर बघा. रबरावर टाल्कम पावडर लावून डिकी बंद करा आणि उघडा. पत्र्यावर पावडरची रेघ जिथं तुटलेली दिसेल तिथं रबर टेकत नाही. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा पाइप थेट रबरावर आणि दिव्यांच्या फटीत मारू देऊ नका.

सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतही पाणी जायच्या नळ्या असतात. छत उघडून कोपऱ्यातल्या खाचेत वाटीभर पाणी ओता आणि खाली कुठं पडतंय ते बघा. तुंबलेल्या नळीत गॅरेजच्या कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नका. नळी आतल्या आत सांध्यातून सुटली की पाणी छताच्या कापडातून येतं, आणि मग छत उतरवावं लागतं.

इतकं करूनही वाट सापडली नाही तर दोघंजण लागतात. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून बागेच्या पाइपनं पाणी सोडायचं, धार मंद. खालून सुरुवात करायची आणि एकेका जागेवर पाच मिनिटं थांबत वर जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडं ओघळतं आणि कुठून आत आलं तेच कळत नाही. आमच्याकडं आत बसायला पोरगं तयार होतं. बाहेर पाइप धरायला बायको त्याहून आनंदानं तयार झाली आणि मी काच वर केली आहे की नाही हे तिनं तपासलं नाही.

वाळवणं, हे खरं काम

गळती बंद झाल्याशिवाय वाळवायला घेऊ नका. झाल्यावर मात्र वरवर उरकू नका.

कार्पेटची कड उचलून खाली लाकडाचा ठोकळा किंवा पाण्याची रिकामी बाटली सरकवा, म्हणजे हवा खेळेल. जुने टॉवेल घालून वर उभं राहा, पिळा, परत घाला. आमच्या एका जागेतून अर्धी बादली पाणी निघालं. ओलं शोषणारा व्हॅक्यूम मिळाला तर तासाचं काम दहा मिनिटांत होतं. मग टेबलफॅन लावा. बाहेर धो धो पडत असेल तेव्हा नुसत्या पंख्यानं फारसं होत नाही, कारण हवाच ओली. अशा वेळी इंजिन चालू करून एसी आणि हीटर दोन्ही लावा, हवा पायाकडं सोडा, काच बोटभर खाली ठेवा. एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर फोम गरम करतो. पण हे उघड्यावरच करायचं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइडनं जीव जाऊ शकतो.

सीट काढण्याचा मोह आवरा. सीटखाली पिवळ्या वेष्टनातल्या वायरी दिसतील, त्या एअरबॅगच्या असतात आणि त्यांच्याशी खेळायचं नसतं. सीट पूर्ण पुढं, मग पूर्ण मागं सरकवून बरंच काम होतं. फोम अगदीच लिबलिबीत असेल तर गॅरेजमधून कार्पेट काढून घ्या आणि दोन-चार दिवस गच्चीवर टाका. ऊन नसेल तर घरात पंख्याखाली. आमचा फोम हॉलमध्ये पाच दिवस उभा होता, आणि त्या पाच दिवसांत घरच्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता शाम्पू

फोम कोरडा झाल्यावर निम्मा वास गेलेला असतो. उरलेल्यासाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडक्यानं पुसा. शिंपडून भिजवू नका. आधी सीटखालच्या कोपऱ्यात रंग जात नाही ना ते बघा. पांढरी-हिरवी बुरशी दिसत असेल तर तोंडाला मास्क लावा आणि ब्रश कोरडा मारू नका, बुरशीची पूड सगळ्या गाडीभर उडते. ब्लीच नको. त्यानं कापडाचा रंग जातो, आणि व्हिनेगरबरोबर ते चुकून मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो. लेदर किंवा लेदरसारख्या सीटवर व्हिनेगर न वापरता साबणाचं सौम्य पाणी आणि लगेच कोरडं फडकं.

लोक सीटबेल्ट हमखास विसरतात. पट्टा पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या गुंडाळ्यावर बुरशीचे काळे ठिपके सापडतील. साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, वर चिमटा लावून तसाच ताणलेला वाळू द्या, मगच आत सोडा.

खायचा सोडा कोरड्या कार्पेटवर रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्यूमनं ओढला तर उरलासुरला वास बराच कमी होतो. ओल्यावर टाकलात तर त्याची पेस्ट होते आणि ती धाग्यांतून काढताना देव आठवतो. कापूर, कॉफीच्या बिया, कोळसा यांवर माझा फार विश्वास नाही; असतील घरात तर ठेवा.

एक अपवाद मात्र वेगळा काढतो. गाडीत पुराचं पाणी शिरलं असेल तर वरचं काहीच लागू नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी ३९ ची बातमी आली की गाडी उंचावर हलवावी. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांना हे सांगायला नको. बुडालेली गाडी किल्ली फिरवून 'चालू होते का' बघू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, टो करून न्या.

आमच्या गाडीचा वास त्या पावसाळ्यात गणपतीच्या आधी गेला, आणि परत आलेला नाही. यंदा जोतिबाहून घरी आलो तेव्हा गाडी धुण्याआधी बॉनेट उघडून जाळी झाडली. खोबऱ्याचे सात तुकडे निघाले. आईनं त्यातला एक उचलून पुसला आणि प्रसाद म्हणून माझ्या हातावर ठेवला.